पोहोचल्याची वेळ

धाकटीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसले होते. बघत बसणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा नाक मुरडायचं काम नाही. तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीत मी आहे. तिथल्या कॉम्प्युटरांमध्ये जे जे घडतं त्याची एकेक ओळ ब्राउझरमधल्या एका पानावर उतरत असते. कोण आलं, काय मागितलं, मिळालं का, नाही तर का नाही. याला आम्ही लॉग म्हणतो. ओळी धावत असतात आणि मी त्यांत काही वावगं दिसतंय का ते बघत असते. आमचे जावईबापू, म्हणजे धाकटीचा नवरा, सगळ्यांना सांगतात की ताईंना नुसतं बघत बसायचा पगार मिळतो. सांगेनात का.

"ताई, ये," धाकटी म्हणाली. "दूध टाकून देणार आहेत."

"कोणतं दूध?"

"सगळं गं. बँकेतलं सगळं."

धाकटी लहानपणी झाडावरून पडून हात मोडून घेऊन आली होती तेव्हाही इतकी घाबरलेली नव्हती. मी साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. निघाले.

झालं होतं असं की धाकटीची लेक दिवस भरायच्या बऱ्याच आधी आली. एवढीशी, की मी पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमूट ठेवलं. धाकटीला राग आला होता, आता तीही चिमूटच म्हणते. ती काचेच्या पेटीत असते, नाकातून पोटात एक बारीक नळी, आणि त्या नळीतून दूध. डब्यातली पावडर एकदा देऊन बघितली तर पोट टम्म फुगलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, हिला आईचंच दूध लागणार, आपल्या आईचं नाही तर दुसऱ्या कोणाच्या आईचं.

आपल्या आईचं चालत नव्हतं. बाळंतपणानंतर धाकटीला सणसणून ताप भरला, रक्तात काहीतरी असल्याची शंका आली, आणि पक्का रिपोर्ट येईपर्यंत तिचं दूध बाळाला द्यायचं नाही असं ठरलं. द्यायचं नाही, पण फेकायचंही नाही. ते साठवून ठेवायचं. त्यामुळे धाकटी दिवसातून कितीदातरी त्या घरघरणाऱ्या पंपापुढे बसायची. कधी चमचाभर यायचं, कधी बाटलीचा तळही झाकायचा नाही. जे येईल त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून ती बाटली खिडकीतून आत द्यायची. तोवर चिमूट जगत होती ती हॉस्पिटलच्या दुधाच्या बँकेवर. ज्या आयांना जास्त दूध येतं त्या तिथे देऊन जातात. ते तपासतात, तापवतात, छोट्या बाटल्यांत भरून गोठवतात. कोण कुठल्या बायका, त्यांचे चेहरेही आम्हाला माहीत नाहीत. त्यांच्या जिवावर आमची चिमूट चिमटीचिमटीनं वाढत होती.

आणि आता ते सगळं टाकून देणार म्हणे.

बँक म्हणजे एक खोली. दाराशेजारी बाटल्या द्यायची खिडकी, आत एक मोठा फ्रीजर, एक छोटा फ्रीजर, धुवायचं सिंक आणि टेबलावर कॉम्प्युटर. मोठ्यात देणगीचं दूध, छोट्यात ज्यांचं त्यांचं, आपापल्या बाळासाठी ठेवलेलं. दोन्ही दारांवर लाल चिकटपट्टी आडवी मारलेली होती. जावईबापू खिडकीबाहेर उभे राहून नखं खात होते.

"ताई, तुम्ही बघा हो," ते म्हणाले. "त्यांच्याकडे ते तुमच्यासारखंच पान आहे. ओळींचं."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला माझ्या कामाची किंमत कळली. पण बोलायची ती वेळ नव्हती.

बँक सांभाळणाऱ्या बाई कडक. केस टोपीत कोंबलेले, चष्मा दोरीला लटकवलेला, बोलणं मोजून मापून. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, हात धुवायला लावले आणि मग आत घेतलं.

"काल संध्याकाळी दिवे गेले," त्या म्हणाल्या. "लगेच आलेही, जनरेटर आहे. पण सकाळी येऊन बघते तर नोंदच नाही. दिवे गेले तिथपासून सगळं कोरं."

"फ्रीजर चालू होते ना?"

"सकाळी मी दार उघडलं तेव्हा गार होते. पण रात्रभर गार होते हे कोण सांगणार? मध्ये वितळून पुन्हा गोठलं असेल तर? नोंद नाही म्हणजे थंडावा नाही, असा नियम आहे. तो मी केलेला नाही, पण मला तो पटतो."

मलाही पटत होता, हेच तर दुखणं होतं. एवढ्याशा पोटात खराब दूध जाणं म्हणजे काय ते पावडरीच्या वेळी बघितलं होतं.

"पुढच्या खेपेचं दूध?" मी विचारलं.

"दुपारच्या पाजण्यापुरतं काल दिवे जायच्या आधीच तपासून काढलेलं होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजमध्ये आहे. ते चालेल. त्यानंतरचं नाही. दुसऱ्या गावच्या बँकेला फोन केलाय, पण त्यांच्याकडेच ओढाताण आहे. डॉक्टर राउंड संपवून येतील, मग निर्णय. बहुतेक टाकायचंच."

मी खुर्ची ओढली. "मला पान उघडून द्या. तुमच्या नावानं, तुम्ही शेजारी बसा. मी काही बदलणार नाही, नुसतं बघणार."

त्यांनी ब्राउझर उघडला. पान साधंच होतं. प्रत्येक फ्रीजरवर एक डबी बसवलेली, ती दर मिनिटाला एक ओळ पाठवते. वेळ, कोणता फ्रीजर, आत किती गार, दार उघडं की बंद. थंडावा कमी झाला तर ओळ तांबडी होते आणि बाईंच्या मोबाइलवर फोन वाजतो. पान उघडलं की शेवटच्या दिवसभराच्या ओळी दिसतात, सगळ्यात नवी वर. आज सकाळपासूनच्या ओळी हिरव्यागार होत्या. खाली गेले, आणि एकदम खड्डा. त्याच्या पलीकडे काल संध्याकाळच्या ओळी, पुन्हा हिरव्या.

"आणि फोन नाही वाजला?"

"नाही."

"म्हणजे ओळी थांबल्या तर ओरडायचं, एवढंही याला शिकवलं नाही? कोणी बनवलंय हे? त्याला माझ्यासमोर उभा करा."

"त्याला नंतर उभा करा," बाई म्हणाल्या. "आधी हे बघा."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, डोळे तारवटलेले, गळ्यातला स्टेथोस्कोप एका बाजूला कलंडलेला. मी कोण आणि काय करतेय ते बाईंनी सांगितलं. त्या दाराशीच थांबल्या.

"तुम्ही बाळाच्या मावशी?"

"हो."

"मग माफ करा, पण तुमच्या शब्दावर मी दूध देणार नाही. तुम्हाला जे हवंय तेच तुम्हाला दिसणार. मीही मावशी असते तर मला तेच दिसलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी हेच करतेय, आणि ही कालची पोर मला सांगणार? तोंडात आलेलं गिळलं, कारण गिळता गिळताच लक्षात आलं की ती बरोबर बोलतेय. मी त्या खोलीत शिरले तीच 'दूध चांगलं आहे' हे ठरवून.

"एक आणखी सांगते," त्या थोड्या मऊ झाल्या. "तुमच्या बहिणीचा रिपोर्ट आजच आलाय. स्वच्छ आहे. आज दुपारपासून तिचं साठवलेलं दूध सुरू करणार होते, मी मघाशी तिला सांगितलंही. इतके दिवस थांबली, आणि आजच हे व्हायचं होतं."

त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, दुपारच्या पाजण्याआधी परत येते.

मी चष्मा पुसला आणि बाईंना म्हणाले, "आता आपण उलटं करायचं. दूध खराब झालंय हे सिद्ध करायला बसलोय असं समजायचं. मी ओळ दाखवली की तुम्ही शंका काढायची. जितक्या काढता येतील तितक्या."

"शंका काढण्यात मी पटाईत आहे," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

पहिली गोष्ट, डब्या बंद होत्या की चालू होत्या? मी विचारलं, सकाळी तुम्ही काय केलंत? बाई म्हणाल्या, ओळी येत नव्हत्या म्हणून डबीचं बटण बंद करून चालू केलं, लगेच यायला लागल्या. "बटण बंद केलंत तेव्हा डबीवरचा दिवा लागलेला होता का?" त्यांनी आठवलं. लागलेला होता. दोन्ही डब्यांवर, हिरवा, लुकलुकत. डबी ओळ पाठवते तेव्हाच तो लुकलुकतो.

मी ताठ बसले. डबी ओळी पाठवत होती तर ओळी गेल्या कुठे? पोस्टमन पत्र टाकतोय आणि घरात पत्र नाही, असं झालं.

आता इथे आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. लॉग बघणारे सगळे लोक फक्त 'आत्ता' बघतात. आज काय झालं, गेल्या तासात काय झालं. ओळी इतक्या असतात की जुन्या बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून पानच तसं बनवतात, आजचं तेवढं दाखवणारं. मागच्या वर्षीच्या ओळी बघायला जाणारा माणूस आमच्यात वेडा समजला जातो. मी दिवसांची चाळणी काढून टाकली. सगळं दाखव म्हटलं. मग क्रम उलटा केला, सगळ्यात जुनं वर.

पान बराच वेळ फिरत राहिलं. मग ओळी आल्या.

"ही तारीख बघा," मी म्हणाले. "बँक कधी सुरू झाली?"

बाईंनी सांगितलं. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्या वर्षाच्या कितीतरी आधीचं वर्ष होतं. पहिली जानेवारी, बारा वाजून एक मिनिट. मोठा फ्रीजर, उणे वीस, दार बंद. पुढच्या मिनिटाला पुन्हा उणे वीस.

बाईंनी दोरीचा चष्मा नाकावर चढवला. "काहीतरीच काय. तेव्हा ही खोली चादरींची होती. इथे फ्रीजर कुठला? मी स्वतः इथून चादरी नेलेल्या आहेत."

"तेच तर!" मी जवळजवळ ओरडलेच. "चादरी उणे वीसवर कशाला ठेवतील कोणी?"

मग मी त्यांना समजावलं. डबीला स्वतःचं घड्याळ असतं. ते चालावं म्हणून आत एक चपटा सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. सेल मेलेला असला तर एरवी कळत नाही, कारण वीज असते. वीज गेली की घड्याळ सगळं विसरतं, आणि वीज आली की कारखान्यात घातलेल्या पहिल्या तारखेपासून मोजायला लागतं. काल दिवे गेले, दोन्ही डब्यांची घड्याळं भूतकाळात गेली. डब्या बिचाऱ्या रात्रभर इमानेइतबारे ओळी पाठवत होत्या, पण प्रत्येक ओळीवर ती जुनीपानी तारीख घालून. पानानं त्या घेतल्या आणि तारखेप्रमाणे तळाशी नेऊन ठेवल्या. आजच्या पानावर खड्डा. आणि धोक्याचा फोन आजच्याच ओळींवर वाजतो, तो कशाला वाजेल? सकाळी बाईंनी बटण दाबलं तेव्हा डबीनं इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेतली आणि शहाणी झाली.

"रात्री का नाही विचारली?"

"दिवे आल्या आल्या इंटरनेट नीट चालू झालेलं नसणार. डबी सुरू होताना एकदाच विचारते, उत्तर नाही आलं तर गप्प बसते."

"नसणार म्हणजे तुमचा अंदाज," बाई म्हणाल्या. "आणि या ओळी कालच्याच कशावरून? डबी कारखान्यात तपासताना आलेल्या असतील."

शाबास, मी मनात म्हटलं. मला तो प्रश्न आवडला आणि त्याची भीतीही वाटली. मी पानाच्या कोपऱ्यातली यादी उघडली. तिथे ओळीतले कोणते रकाने दाखवायचे ते निवडता येतं. एक रकाना कोणी कधी दाखवतच नाही, कारण एरवी तो पहिल्या रकान्यासारखाच असतो. पोहोचल्याची वेळ. डबी ओळीवर काहीही वेळ घालो, ज्या मोठ्या कॉम्प्युटरकडे ती ओळ जाते तो आपल्या घड्याळात बघून आपली वेळ वेगळी लिहितो. तो दुसऱ्या इमारतीत असतो, त्याला इथल्या दिव्यांशी देणंघेणं नाही.

मी त्यापुढे टिचकी मारली.

प्रत्येक ओळीशेजारी दुसरी वेळ उमटली. काल संध्याकाळ. दिवे गेल्याच्या पुढच्या मिनिटापासून सुरू, आणि मिनिटामागून मिनिट, न चुकता, थेट आज सकाळी बाईंनी बटण दाबेपर्यंत.

बाईंनी माझ्या हातून माउस काढून घेतला. मला बोलू दिलं नाही. त्यांनी मोठ्या फ्रीजरच्या ओळी एकेक करून वाचल्या, मधूनच कुठेतरी उडी मारून पुन्हा मागे येऊन तपासल्या. उणे वीस. उणे एकोणीस. उणे वीस. दार बंद. एकही तांबडी नाही. शेवटी त्यांनी चष्मा सोडला आणि तो दोरीवर झुलत राहिला.

"देवा," एवढंच म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, मला त्या कडक बाईला मिठी मारावीशी वाटली. मोठा फ्रीजर वाचला होता. त्या अनोळखी बायकांचं सगळं दूध वाचलं होतं. चिमूटचं पोट वाचलं होतं. मी धाकटीला फोन लावायला मोबाइल काढलाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "छोटा राहिला."

छोट्याच्या ओळी वेगळ्या काढल्या. पहिली ओळ, दार उघडं. बरं, दिवे गेले तेव्हा काहीतरी ठेवत असतील. दुसरी ओळ, दार उघडं. तिसरी, उघडं. उणे अठरा. खाली, उणे बारा. आणखी खाली, उणे पाच. मग शून्य. मग त्याच्याही वर. तांबड्या ओळी, एकाखाली एक, पानभर, आणि त्यापुढच्या पानभर. पहाटेच्या सुमाराला दार बंद. तिथून पुन्हा हळूहळू गार, गार, आणि सकाळी बाई आल्या तेव्हा उणे वीस. जणू काही झालंच नव्हतं.

"शेवटची बाटली मीच ठेवत होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येईना. "तुमच्या बहिणीचीच होती. तिच्या बाटल्यांची रांग अगदी दारापर्यंत आलेली. अंधार झाला, मी दार लोटलं. लागलं असं वाटलं. पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईंनी ढकललं असणार, त्या पुसताना सगळं ढकलतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे अजून कोणी बघितलेलं नाही."

त्या मला काही सुचवत नव्हत्या. जे खरं तेच बोलल्या. पण खोलीत ते वाक्य तसंच राहिलं, आणि मी साधीसुधी बाई आहे, माझ्या मनात जे यायचं ते आलंच. धाकटी वरच्या मजल्यावर रिपोर्ट हातात धरून बसली असेल. इतके दिवस ती चमचाचमचा जमवत होती. आज दुपारी तिच्या लेकीच्या पोटात तिचं स्वतःचं दूध जाणार होतं. मोठ्याच्या ओळी डॉक्टरांना दाखवल्या तर त्या छोट्याच्या मागतील की नाही? घाईत आहेत, तारवटलेल्या आहेत. कदाचित नाही मागणार.

आणि मग तेच दूध चिमूटच्या नळीत गेलं असतं. पहिलंच. त्याच दुपारी.

"डॉक्टरांना बोलवा," मी म्हणाले. "दोन्ही दाखवायचे."

डॉक्टरीणबाई आल्या. मी खुर्चीवरून उठले आणि भिंतीशी उभी राहिले, तोंडाला कुलूप लावून. बाईंनीच सगळं दाखवलं. मोठा दाखवला, पोहोचल्याची वेळ दाखवली, डॉक्टरांनी शंका काढल्या, बाईंनी उत्तरं दिली. मग छोटा दाखवला, आणि दार आपणच लोटलं हेही सांगितलं. डॉक्टर बराच वेळ त्या तांबड्या ओळींकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं.

"मी मघाशी तुम्हाला बोलले," त्या म्हणाल्या.

"बरोबर बोललात," मी म्हणाले. "बोलला नसतात तर मी मोठा बघूनच फोन लावला असता."

त्यांनी स्वतः मोठ्या फ्रीजरची लाल पट्टी ओढून काढली. छोट्याची तशीच ठेवली.

"छोट्यात आणखीही आयांचं आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना मी सांगते. तुमच्या बहिणीलाही मीच सांगायला हवं."

"तिला मी सांगते," मी म्हणाले. मोठ्या तोंडानं म्हणाले खरी, पण जिना चढताना पायरीपायरीवर वाक्यं जुळवत होते. जावईबापू मागून येत होते, मोठा फ्रीजर वाचल्याचं ऐकून त्यांना हुंदके आवरत नव्हते. मी त्यांना बाहेर बसवलं.

धाकटी पंपाच्या खोलीत होती. केस विंचरलेले. कित्येक दिवसांनी विंचरलेले. मला बघून उठली.

"वाचलं?"

"मोठ्यातलं सगळं वाचलं. चिमूटला पुरेल इतकं आहे."

तिनं डोळे मिटले आणि खुर्चीत बसली. मग डोळे उघडले. माझा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येतो.

"आणि माझं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दार, अंधार, तांबड्या ओळी. मध्ये कुठे थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं. ती ऐकत राहिली. मग माझ्यावर ओरडली. "तुला काय गरज होती सगळं उकरायची? मोठा बघितलास, झालं होतं ना! बघत बसायची सवय तुला!" पंपाची नळी तिनं टेबलावर आपटली. "माहीत आहे तुला, एकेक बाटली म्हणजे काय होतं? माझ्यापाशी तिला द्यायला दुसरं काही आहे का? तिला हात लावायचा तर काचेतून. तेवढंच होतं माझं."

मला वाटलं, आता ही पुन्हा पंपाला शिवायची नाही. तिचा धीर सुटला की सुटला, मी ओळखते तिला.

ती रडली, भरपूर रडली, माझ्या खांद्यावर नाक पुसलं. मग एकदम थांबली.

"ताई, रिपोर्ट चांगला आहे ना?"

"आहे गं. डॉक्टरांनीच सांगितलं."

"मग गोठवायचं कशाला?"

मला क्षणभर कळलंच नाही. सकाळपासून मी काल काय झालं एवढंच बघत होते.

"आत्ता काढलं तर आत्ताच देता येईल ना?" धाकटी म्हणाली. "फ्रीजर नको, बँक नको, काही नको. जा, विचारून ये. नको, मीच विचारते." आणि दारापर्यंत जाऊन तिथूनच तिनं डॉक्टरांना हाक मारली. अख्खा मजला दचकला असेल. हॉस्पिटलात असं ओरडत नाहीत हे तिला कोण सांगणार.

डॉक्टर हो म्हणाल्या. म्हणाल्या, उलट तेच सगळ्यात चांगलं.

पंप घरघरायला लागला. मी पाठ फिरवून उभी राहिले, कारण बघणारं कोणी असलं की तिला येत नाही. बराच वेळ नुसतीच घरघर. मग तिनं बाटली माझ्या हातात दिली. कोमट होती. तळाशी थोडंसं, चमचाभरही नसेल. मी ती दोन्ही हातांत धरून काचेच्या पेटीपर्यंत नेली, धाकटी माझ्या मागोमाग. सिस्टरनं ते सिरिंजमध्ये ओढलं, चिमूटच्या नळीला लावलं आणि सिरिंज उंच धरली. कुठलंही बटण नाही, यंत्र नाही, दूध आपलं आपण खाली उतरतं. आम्ही तिघी त्या बारीक नळीकडे बघत होतो. पांढरी रेघ सरकत सरकत नाकापाशी गेली आणि दिसेनाशी झाली. चिमूटनं तोंड हलवलं. नुसतं हलवलं, पण हलवलं. उरलेली भूक सिस्टरनं बँकेच्या दुधानं भागवली.

मला रडू आवरेना. वीस वर्षं काचेमागच्या ओळी बघितल्या, पण अशी एक ओळ नाही बघितली. मी पेटीशी उभी राहून हमसाहमशी रडत होते आणि जावईबापू आत येऊन मला रुमाल देत होते. हा दिवस मला बघायचा होता म्हणायचं.

मागे वळून बघितलं तर धाकटी तिथे नव्हती. पंपाच्या खोलीतून तिची हाक आली.

"ताई, रडतेस काय तिथे उभी राहून? धुतलेली बाटली आण लवकर. अजून येतंय."